पिकअपचा ट्रॅव्हल वाढवताना: पाटे, शॉकअप, पट्टे आणि काळी माती

पावसाळ्यात पांदण रस्त्याला पिकअप घातली की एक चाक ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोरीत उतरतं, त्याच्या समोरचं वरंब्यावर चढतं आणि मागचं एखादं हवेत गरगर फिरत राहतं. फोर बाय फोर असूनही गाडी जागची हलत नाही. मग बहुतेक जण गाडी 'उचलायच्या' मागे लागतात. स्पेसर (स्प्रिंगपाशी टाकायचा ठोकळा) टाकून दोन इंच उंची मिळते खरी, पण चाकाचा वर-खाली प्रवास मिलिमीटरभरही वाढत नाही. उलट पुढचे आर्म (चाक चेसिसला धरून ठेवणारे दांडे) आधीच खाली झुकलेले राहतात आणि चाकाला खाली सुटायला जागा कमी उरते. खड्ड्यात पकड हवी असेल तर खाली सुटणारं चाक लागतं.

उभ्या गाडीत चाक असतं तिथून ते वर किती दबतं आणि खाली किती सुटतं, या दोन्हींची बेरीज म्हणजे ट्रॅव्हल. मेक्सिकोत १९६७ पासून होणाऱ्या बाहा १००० शर्यतीतल्या ट्रॉफी ट्रकना पुढे दोन फुटांच्या आसपास आणि मागे त्याहून जास्त ट्रॅव्हल असतो. पण ते ट्रक चेसिसपासून नवे बांधलेले असतात. आपल्याकडे रुंद आर्म आणि लांब ॲक्सल टाकून चाकं बाजूला बाहेर सरकवली, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या फेरबदलांचं) आडवं येतं. आरसीवरच्या तपशिलाशी गाडी जुळत नाही, आणि अपघात झाला की विम्याचा वाद वेगळा. म्हणून रुंद किट बंदिस्त ट्रॅकसाठी ठेवा. रस्त्यावरही चालणाऱ्या गाडीत मूळ रुंदी राखून जे मिळतं, त्याची ही कृती आहे. त्यातला मोठा वाटा मागच्या पाट्यांचा, म्हणजे लीफ स्प्रिंगचा असतो. काय बदलताय ते लेखी सांगून आरटीओत आधी विचारून घ्या.

आधी मोजा, मग खरेदी करा

सपाट काँक्रीटवर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. चेसिस मजबूत घोड्यांवर ठेवा, मागचा एक्सल ट्रॉली जॅकवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. मागचे शॉकअप सोडा आणि जॅक हळूहळू खाली घ्या. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहा. पाटे लोंबकळले की खालची मर्यादा मिळाली. वरची मर्यादा मोजताना एक गफलत हमखास होते: रिकामी गाडी जॅकने कितीही दाबली तरी बंप स्टॉपचं (एक्सल चेसिसवर आपटू नये म्हणून लावलेलं) रबर पूर्ण दबत नाही, आणि खरा दणका बसतो तेव्हा ते निम्म्यापर्यंत दबतं. म्हणून रबर काढून त्याच्या निम्म्या उंचीचा लाकडी ठोकळा लावा आणि तिथपर्यंत एक्सल वर घ्या.

दर इंचाला थांबून बघा: ब्रेकचा होज ताणला जातो का, हँडब्रेकची केबल आणि एबीएसची वायर कुठे अडकते का, टायर कुठे घासतो का, प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटचा सरकणारा (स्लिप) भाग बाहेर निघायला आलाय का.

पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (दोन्ही चाकं वेगवेगळी वर-खाली होणारं) असेल तर कॉइल स्प्रिंग कॉम्प्रेसरने काढून हीच फेरी करा. दबलेली कॉइल हाताने सोडवायचा प्रयत्न जिवावर बेतू शकतो. सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाला फिरवणाऱ्या ॲक्सलचा सांधा) हाताने फिरवा. टोकाला तो अडकला, कटकट वाजला किंवा त्याच्या रबरी बूटच्या घड्या एकमेकींवर घासल्या की तीच मर्यादा समजा आणि अर्धा इंच अलीकडे थांबा. बॉल जॉइंटचंही तसंच. ब्रेकच्या डिस्कला सरळ पट्टी बांधून दर इंचाला टो (चाक आत-बाहेर किती वळलंय ते) मोजला, तर चाक वर-खाली होताना स्टेअरिंग किती ओढणार तेही आधीच कळतं.

पाट्यांचा सेट

इथे गणित समजलं की निम्मं काम झालं. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. १० मिमीच्या जागी ८ मिमीचा पाटा घातला तर ताठरपणा जवळपास निम्मा होतो. तेवढाच ताण सोसून ८ मिमीचा पाटा सव्वापट वाकतो, आणि आपल्याला हवा आहे तो हाच गुण. म्हणजे १० मिमीच्या पाच पाट्यांचं काम ८ मिमीचे दहा पाटे करतील. आठच घातले तर सेट साधारण १८ टक्के मऊ पडेल. लांबीचं उलटं: पाटा १० टक्के लांब केला की ताठरपणा पावभाग उतरतो. सेटची उंची बदलली की सेंटर बोल्ट (पाटे मधोमध जोडणारा) आणि यू बोल्टची (सेट एक्सलला आवळणाऱ्या) लांबीही बदलते, ती ऑर्डर देतानाच सांगा.

गाडीतून खताची पोती नाहीतर कडबाही वाहायचा असेल, तर नुसता मऊ सेट घालून भागणार नाही. खाली एक जाड, सरळ हेल्पर पाटा ठेवा. रिकाम्या गाडीत तो बाकीच्यांना टोकाशी टेकत नाही, भार पडला की कामाला लागतो. आरसीवरची भारक्षमता मात्र आहे तेवढीच राहते.

पाटा स्प्रिंग स्टीलचाच हवा. जालन्याचं नाव सळईसाठी आहे, आणि सळईचं लोखंड पाट्याला चालत नाही हे पाटेवाला सांगेलच. त्याला ईएन ४५ किंवा एसयूपी ९ मागा. बसलेल्या पाट्याला कमान देताना गॅस लावून तांबडा करू देऊ नका. पोलादाचं पाणी (टेम्पर) उतरतं आणि महिन्याभरात तो पुन्हा सपाट होतो. थंड अवस्थेत प्रेसवर कमान द्यायची, नाहीतर भट्टी आणि टेम्परिंगची पूर्ण सोय असेल तिथेच द्यायचा. पाट्यावर वेल्डिंग तर कधीच नाही.

पाटे एकत्र धरणाऱ्या बाजूच्या क्लिपा काढून टाकल्या की चाक जास्त सुटतं, हा गॅरेजमधला लाडका उपाय. त्यात सगळा लोंबता भार एकट्या मेन (सर्वात वरच्या) पाट्यावर येतो आणि तो आयजवळ (टोकाच्या वळवलेल्या डोळ्याजवळ) तुटतो. क्लिपा ठेवा, फक्त थोड्या लांब करून घ्या. पाट्यांच्या टोकांखाली नायलॉनचे किंवा टेफ्लॉनचे पॅड बसवले की घर्षण कमी होतं आणि लहान खड्डेही पाटे पचवतात.

सेट दबला की लांबतो आणि शॅकलला (सेटचं मागचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या दुव्याला) मागे ढकलतो; सुटला की पुढे ओढतो. शॅकल फार आखूड असेल तर लोंबत्या अवस्थेत तो उलटा पडून चेसिसला टेकतो. म्हणून दोन्ही टोकांना तो मोकळा फिरतो का, हे वरच्या फेरीतच बघा. शॅकल लांब केल्यास जेवढी वाढ, त्याच्या निम्मी उंची एक्सलपाशी मिळते, आणि डिफरन्शियलचं नाक वर वळतं. प्रॉपेलर शाफ्टच्या एका क्रॉसच्या साध्या जॉइंटला उभ्या गाडीत ते नाक गिअरबॉक्सच्या रेषेपेक्षा एक-दोन अंश खाली ठेवा; जोर लागला की एक्सल स्वतःच वर वळतो. फरक जास्त असेल तर पाट्याखाली वेज (पाचर) टाका. नाहीतर ठराविक वेगाला गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातात.

बसवताना दोन गोष्टी. यू बोल्ट नवेच वापरा, जुने ताणलेले असतात. आडव्या-तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळा आणि शेवटी मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पाना लावा. आणि रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळा. हवेत लोंबत असताना आवळले तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि काही आठवड्यांत फाटतो.

मागच्या एक्सलला भार ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह असेल तर त्याची दांडी पुन्हा लावून घ्या. मागची बाजू वर गेली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. हे काम विसरायचं नाही.

शॉकअप, स्टॉप आणि पट्टे

शॉकअपची लांबी मापावरून ठरवा, कॅटलॉगमधल्या 'दोन इंच लिफ्ट'वरून नको. ठोकळा लावून एक्सल पूर्ण वर असताना शॉकअपमध्ये किमान १२ मिमी दांडा शिल्लक हवा. गाडी उभी असताना साधारण निम्मा दांडा बाहेर दिसावा. शॉकअप जितका तिरका, तितकं त्याचं काम कमी: उभ्या रेषेपासून ३० अंशांना पाऊणपट, ४५ अंशांना निम्मं.

खाली सुटताना चाकाला थांबवायचं काम शॉकअपचं नाही. तिथे नायलॉनचा पट्टा लागतो, नाहीतर शॉकअपचा पिस्टन आतून आपटून नट सुटतो किंवा आय तुटतो. पट्टा वापरात फुटाला सुमारे एक इंच ताणतो, म्हणून शॉकअप संपण्याच्या इंचभर आधीच तो ताठ झाला पाहिजे. एक्सलच्या दोन्ही टोकांना एकेक घ्या. मधे एकच लावला तर एक चाक खाली गेल्यावर त्या बाजूचा शॉकअपच पुन्हा अडसर बनतो. जुना सीटबेल्ट किंवा टोचनची दोरी यासाठी चालत नाही.

बाहेर टाकी असलेल्या शॉकअपमध्ये बहुधा १५० ते २०० पीएसआय नायट्रोजन असतो. आकडा निर्मात्याचाच पाळा. टायरवाल्याकडचा नायट्रोजन तेवढ्या दाबाला पुरत नाही. औद्योगिक गॅस सिलिंडर, रेग्युलेटर आणि योग्य नोझल लागतं. साधी हवा भरू नका, तिच्यातल्या ओलाव्याने आत गंज चढतो. आणि चेसिसवर वेल्डिंग चालू असताना दांड्याला ओलं फडकं गुंडाळा. एक ठिणगी चिकटली तरी ती सील कापते.

काळी माती

ही माती ओली असताना चिकटते आणि वाळली की विटेसारखी घट्ट होते. पाट्यांच्या फटीत आणि शॉकअपच्या सीलवर ती वाळली, की पुढच्या प्रवासात पॉलिश पेपरचं काम करते. शेतातून आल्यावर त्याच दिवशी साध्या पाइपने धुवा. वॉशिंगच्या प्रेशर गनचा फवारा सीलवर, क्रॉसवर किंवा सीव्हीच्या बूटवर थेट मारू नका. पाट्यांमध्ये ग्रीस भरू नका, त्यात माती बसते. कोरडं ग्रॅफाइट मारा.

यू बोल्ट १०० किमीला आणि पुन्हा ५०० किमीला आवळून बघा, मग दर ५,००० किमीला. पाटा सेंटर बोल्टपाशी तुटला तर यू बोल्ट ढिला होता, आयजवळ तुटला तर क्लिप नव्हती किंवा पिन जाम झाली होती. गाडी रस्त्यावर तिरकी चालायला लागली तर दोन्ही बाजूंना पुढच्या पिनपासून एक्सलपर्यंत मोजा. फरक दिसला तर सेंटर बोल्ट कापला गेल्याची शक्यता मोठी. तशी गाडी घाटात उतरवू नका.

शॉकअपवर तेलाचा हलका ओशटपणा चालतो, ओघळ नाही. एप्रिल-मेच्या उन्हात खडीच्या रस्त्याने दामटल्यावर गाडी तरंगायला लागली, तर आतलं तेल तापून फेसाळलंय. थांबा, हात न लावता थंड होऊ द्या. गार झाल्यावरही तसंच तरंगत असेल तर सील किंवा गॅस गेलाय.

नाल्यातून गाडी काढल्यावर शॅकल आणि क्रॉसच्या निपलला जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा. एक्सलचं तापलेलं हौसिंग गार पाण्यात गेलं की आत पाणी ओढतं, म्हणून ब्रीदरची (त्याची हवा ये-जा करण्याची) नळी लांब करून चेसिसवर उंच बांधा. पाण्यातून आल्यावर भरण्याच्या प्लगमधून काडी घालून तेल बघा. दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदला.