दवाच्या थेंबाचा जवळून फोटो कसा काढायचा (कोकणातल्या थंडीत)

आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण जानेवारीत दापोलीकडे पहाटे वालाच्या शेतात उतरून बघा, पानापानावर दहिवर असतं आणि त्याचे फोटो काढायला मॅक्रो मोडवाला (अगदी जवळून टिपणारा) फोनसुद्धा पुरतो.

आदल्या रात्री आभाळ बघा. चांदण्या स्वच्छ आणि वारा पडलेला, तर दव बहुतेक येणारच, कारण पानातली ऊब उघड्या आभाळाकडे निघून जाते, पान हवेपेक्षा गार होतं आणि हवेतली वाफ त्यावर धरते. ढग असतील तर खुशाल झोपा. अगदी किनाऱ्यालगत नको, पहाटे मतलई वारा (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) असतो, पान हलतं, त्यापेक्षा जरा आत बांधाच्या आडोशाला बसा. कॅमेरा रात्री उघड्यावर ठेवू नका, लेन्सवरही दव बसतं.

सूर्य सव्वासातच्या आसपास वर येतो, नऊपर्यंत सगळं सुकतं, म्हणजे हातात दीड-दोन तास. ऊन थेंबाच्या मागून किंवा तिरकं येईल असे बसा, समोरून फ्लॅश मारला तर थेंबावर नुसता पांढरा ठिपका येतो.

आता खरी गंमत. गवताच्या टोकाला लटकणारा एकटा मोठा थेंब शोधा. तो बऱ्याचदा दव नसतोच, मुळांनी ओढलेलं पाणी पात्याने टोकातून बाहेर टाकलेलं असतं, पण फोटोला तोच भारी, कारण गोल थेंब भिंगासारखा वागतो आणि मागचं सगळं त्यात उलटं दिसतं. चार-पाच बोटं मागे जास्वंदीचं फूल तुमच्याकडे तोंड करून धरा, अख्खं फूल थेंबात मावतं! फोकस मात्र थेंबाच्या कडेवर नको, ते चित्र थेंबाच्या किंचित अलीकडे, आपल्या बाजूला तयार होतं, म्हणून कॅमेरा केसभर मागे-पुढे करत दहा-पंधरा फोटो काढा, एखादा जमतोच. कॅमेरा असेल तर लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८, शटर १/२५० सेकंदापेक्षा वेगवान. श्वास रोखा, लेन्सवर वाफ येते.

आंब्याचा मोहोर असेल तर फांदी ओढू नका, आहे तिथेच वाकून काढा.

आणि गोठलेलं दव हवंच असेल तर कडाक्याच्या थंडीत पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला वेण्णा लेकवर जा, एखाद्या पहाटे मिळतं. पण गोठलेला थेंब दुधट असतो, आरपार चित्र दिसत नाही, तिथे बाजूने येणाऱ्या उजेडात खडबडीतपणा टिपा आणि बोट लावू नका, लगेच वितळतो.