तोडलेल्या ओंडक्यावरून झाड ओळखताय? या चुका टाळा

मे-जूनच्या वळवाच्या पावसात पुण्यात दरवर्षी झाडं पडतात, फांद्या मोडतात, आणि सोसायटीच्या कडेला ओंडक्यांचा ढीग लागतो. चुलीला, बंबाला, शेकोटीला म्हणून तो नेणारे बरेच असतात, पण यातलं काय नीट जळेल नि काय नुसतं धुपेल हे ओळखताना त्याच त्याच चुका होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कापलेल्या तोंडाचा रंग बघून नाव ठरवणं. ते तोंड उन्हापावसात करडं पडतं, मग बाभूळ काय नि आंबा काय, सगळं सारखंच. ओंडका उभा फोडा आणि आतलं ताजं लाकूड बघा. बाभळीचा गाभा लालसर तपकिरी, भोवती फिकट पट्टा. जुन्या चिंचेत मधे छोटासा गडद जांभळट गाभा नि बाकी पिवळसर, पर्जन्यवृक्षाचा गाभा गडद तपकिरी, गुलमोहर फिकट नि मऊ. बारीक फांदीत मात्र गाभा धड तयारच झालेला नसतो, म्हणून जाड तुकडा शोधा.

पर्जन्यवृक्ष आणि शिरीष तर नुसत्या लाकडावरून वेगळे करायच्या भानगडीत पडूच नका, झाड पडलं तिथला पाचोळा बघा. पर्जन्यवृक्षाच्या शेंगा काळसर, जाड, आत चिकट गर. शिरीषाच्या पातळ, कागदासारख्या, वाळल्या की खुळखुळतात. दोन मिनिटांचं काम आहे हो, पण कोणी खाली वाकून बघतच नाही.

बाभूळ म्हणून सुबाभूळ घरी आणणं हेही नेहमीचं. बाभळीची साल काळपट, खोल उभ्या भेगांची, आणि बऱ्याचदा डिंक लागलेला असतो. सुबाभळीची साल करडी, त्यामानाने गुळगुळीत. सुबाभूळ वाईट जळत नाही, पण बाभळीचे निखारे जास्त वेळ टिकतात, त्यामुळे बाभळीच्या भावात ती घेऊ नका.

आता वजन. ओल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असू शकतं, त्यामुळे ताजा शेवगा किंवा काटेसावर उचलताना भक्कम वाटतात आणि वाळल्यावर हलके होऊन भुर्रकन जळून जातात. टोकाला भेगा पडलेल्या, दोन तुकडे आपटले की टणटण वाजणाऱ्या लाकडाचंच वजन धरा. वड, पिंपळ, उंबर यांचा चीक ताज्या घावावरच दिसतो, वाळलेल्यात नाही दिसला म्हणून ते झाड नाही असं नसतं.

कण्हेर आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, यांच्या बाबतीत मात्र अजिबात अंदाज चालत नाही. सगळं झाड विषारी, आणि कण्हेरीचा धूरही त्रासदायक. बंगल्यांच्या कुंपणाला, रस्त्याच्या दुभाजकावर ही भरपूर लावलेली असतात, छाटणी झाली की त्यांच्या सरळ काटक्या बाकीच्या जळणात मिसळतात आणि कोणीतरी त्यावर कणसं नाहीतर वांगी भाजतं. छाटणीच्या ढिगात लांबट, जाड, टोकदार पानं दिसली तर त्या ढिगातलं काहीच चुलीत घालू नका, आणि छाटणाऱ्या माणसाला झाड कुठलं होतं ते सरळ विचारा, त्याला बहुतेक वेळा माहीत असतं.