बागेतल्या सेन्सरची जागा एका रीडिंगवर ठरवू नका

तासगाव भागात द्राक्षबागेत ओलाव्याचे लोरा सेन्सर (लांबवर रेडिओने आकडे पाठवणारे) बसवताना बरेच जण एकदाच सिग्नल बघतात, चांगला दिसला की खांबाला टाय मारून मोकळे, आणि मग मधूनच डेटा गायब होतो. अँगल, तारा आणि पत्र्याच्या शेडवरून लाटा परतून एकमेकींत मिसळतात त्यामुळे वीतभर अंतरावरही सिग्नल दणकन पडू शकतो, 866 मेगाहर्ट्झला लाटेची लांबीच साधारण 35 सेंमी आहे ना.

असं करा:

1. त्याच भागात सेन्सर वीत-वीत सरकवत 20-25 जागी आरएसएसआय (मिळालेल्या सिग्नलची ताकद, डीबीएम या एककात) लिहून घ्या.

2. डीबीएमची थेट सरासरी काढू नका, ती कमी येते. एक्सेलमध्ये आधी 10^(आकडा/10) करून मिलिवॉट, त्याची सरासरी, मग 10*LOG10(सरासरी) करून परत डीबीएम.

3. त्यातून 20 वजा करा. सरासरी -98 आली तर -118, आणि रिसीव्हरची सेन्सिटिव्हिटी (त्याला पकडता येणारा सगळ्यात कमी सिग्नल) त्याहून खाली, म्हणजे -123 असेल तर बिनधास्त बसवा.

20 का, तर गेटवे (सेन्सरचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर) थेट दिसत नसेल तेव्हा सिग्नल सरासरीच्या 20 डीबी खाली जायची शक्यता 1 टक्का असते. 10 डीबीच ठेवले तर जवळपास दर दहावं डेटाचं पॅकेट हरवणार, म्हणजे ऐन पाण्याच्या पाळीला आकडा नाही, हे परवडत नाही.

फक्त हे माप छाटणीनंतर बाग उघडी असताना घेऊ नका, पानं भरली की सरासरीच खाली येते.