घोड्याच्या डॉक्टरचं बिल: वाचायचं कसं, विचारायचं काय आणि कधी

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं मेडिकल आहे आणि धाकट्या दिरांची फुलेवाडीच्या बाजूला पागा. लग्नसराईत वरातीला घोडे, एरवी संध्याकाळी रंकाळ्यावर पोरांना चक्कर. दिरांना घोड्याचे कान बघून त्याच्या पोटातलं कळतं, पण कागद हातात आला की ते गप्प. माझं उलटं आहे. त्यामुळं त्यांची आणि त्यांच्या दोस्तमंडळींची बिलं माझ्या काउंटरवर येतात, आणि सोबत ठरलेलं वाक्य येतं: "वैनी, लुटलं बघा डॉक्टरनं."

लुटलेलं क्वचित असतं. आपला जिल्हा म्हशींचा आणि दुधाचा. इथल्या डॉक्टरांचा आणि आपलाही अंदाज म्हशीवर बसलेला. घोड्याचं औषध, डोस, सगळंच वेगळं. त्यातून घोड्यातला जाणकार हवा म्हटलं तर कधी कधी पुण्याकडनं माणूस बोलवावा लागतो. म्हणून रकमेवर भांडायच्या आधी बिल वाचायला शिका. वाचून झाल्यावर विचारण्यासारखं जे उरतं, ते बहुधा दोन-तीन ओळींचंच असतं.

आधी बिल मिळवा

आपल्याकडे बिल म्हणजे पुष्कळदा चिठ्ठीच्या पाठीमागं लिहिलेला एक आकडा, नाहीतर व्हॉट्सअॅपवर "एकूण इतके". त्यावर काहीच विचारता येत नाही. तपशीलवार बिल मागा आणि त्यात एवढं हवंच असं सांगा: तारीख आणि वेळ, घोड्याचं नाव, व्हिजिट फी, प्रवास, केलेलं काम (नळी घालणं, एक्स-रे, टाके), प्रत्येक औषधाचं नाव, त्याची ताकद आणि किती मिली वापरलं, तपासण्या, आणि खाली डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. घोड्याचं नाव लिहून घ्याच. पागेत तीन घोडे असले की कुठलं इंजेक्शन कुणाला, हे आठवड्याभरानं कुणालाही आठवत नाही, डॉक्टरांनाही नाही.

मागताना संशय दाखवू नका. "हिशेबाला लागतंय, आमच्या वहीत चढवायचंय" एवढं पुरतं. ते खरंही आहे.

घोड्याचं वजन काढा

हे सगळ्यात कामाचं. घोड्याच्या बिलातला निम्मा गोंधळ वजन माहीत नसल्यामुळं होतो. शिंप्याचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून, खोगिराचा तंग बसतो तिथून छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोत येतं.

दिरांच्या राणी नावाच्या घोडीचा घेर १६५, लांबी १६०. हिशेब येतो साधारण ३६७ किलो. हा अंदाजच आहे, काट्यावरचं वजन नव्हे, पण बिल तपासायला भरपूर झाला. आकडा पागेच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय. यावरून स्वतः औषध द्यायला मात्र जाऊ नका. हा हिशेब झालेल्या उपचाराचा कागद वाचायला आहे.

पोटशूळाच्या रात्रीचं बिल

घोडा जमिनीवर लोळतोय, पोटाकडं वळून बघतोय, लीद बंद. डॉक्टर येतात, दोन-तीन तास थांबतात आणि दुसऱ्या दिवशी जे बिल येतं ते सगळ्यात लांब असतं. त्यातल्या ओळी अशा:

"पी.आर." म्हणजे गुदद्वारातून हात घालून आतडं चाचपणं. "एन.जी.टी." म्हणजे नाकातून पोटात नळी. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून पोटात साठलेलं पाणी-वायू काढायला नळीच लागते, आणि त्याच वाटेनं बरेचदा लिक्विड पॅराफिनही देतात. पी.आर. आणि एन.जी.टी. ही दोन वेगळी कामं आहेत, दोन ओळी लागणारच. त्याआधी "सिडेशन" म्हणजे गुंगीचं इंजेक्शन, बहुतेक वेळा झायलाझिन. इथं एक गंमत होते. एका डॉक्टरांच्या बिलात झायलाझिन ४ मिली असतं, दुसऱ्यांच्यात २० मिली. पाचपट लावलं म्हणून ओरड होते. पण एकाकडं १०० मिलिग्रॅम प्रति मिलीची बाटली होती आणि दुसऱ्याकडं २० मिलिग्रॅमची. राणीएवढ्या घोड्याला दोन्हीकडून साधारण ४०० मिलिग्रॅमच गेलं. म्हणून मिली बघू नका, ताकद गुणिले मिली बघा.

वेदनेचं फ्लुनिक्सिन तसंच. ५० मिलिग्रॅमच्या ताकदीचं असेल तर राणीला एका वेळी ८ मिलीच्या आसपास. बिलात ८-१० दिसलं तर ठीक. एकाच रात्रीत २५ दिसलं तर विचारा.

आणि सलाईन. सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच. माणसाला दोन बाटल्या लावल्या की आपण म्हणतो बरंच लावलं. घोड्याला दिवसाची साधी गरजच किलोमागं साधारण ५० मिली, म्हणजे राणीला १८ लिटर. अर्ध्या लिटरच्या ३६-३७ बाटल्या! शरीरातलं पाणी कमी झालं असेल तर त्याहून जास्त. त्यामुळं बिलावर "आर.एल. ५०० मिली x ३०" (आर.एल. हा सलाईनचाच प्रकार) दिसलं म्हणून डोळे पांढरे करू नका.

अँटिबायोटिकचंही असंच. जेंटामायसिन घोड्याला किलोमागं ६.६ मिलिग्रॅम लागतं. माणसांच्या दुकानात मिळणारी छोटी व्हायल ८० मिलिग्रॅमची. म्हणजे राणीच्या एका दिवसाला तीस व्हायल. रात्री मोठी बाटली मिळाली नाही म्हणून कुणी छोट्या घेतल्या, तर बिल बघणाऱ्याला वाटणार की अख्ख्या वॉर्डाचं औषध एका घोड्याच्या नावावर टाकलंय.

दोनदा लावल्यासारख्या वाटणाऱ्या ओळी

खिळा किंवा तार लागलेल्या घोड्याच्या बिलात "टी.टी." आणि "ए.टी.एस." दोन्ही दिसतात. दोन्ही धनुर्वाताचीच, पण टी.टी. ही लस आहे आणि तिचा परिणाम व्हायला वेळ लागतो, ए.टी.एस. ताबडतोब संरक्षण देतं. घोडा धनुर्वाताला फार हळवा. आधीच्या लसीची नोंद नसेल तर डॉक्टर दोन्ही देतात, वेगवेगळ्या जागी. दोन्हीचे पैसे रास्त. लसीची नोंद ठेवली असती तर मात्र त्यातले एक कदाचित वाचले असते.

खुराचा एक्स-रे एक नसतो. समोरून वेगळा, बाजूनं वेगळा, आणि दर फिल्मप्रमाणं लागतो. घोडा हलला म्हणून पुन्हा काढलेल्या फिल्मचे पैसे लावलेत का, हे विचारायला हरकत नाही. बरेच डॉक्टर ते सोडून देतात.

पावसाळ्यात माश्या वाढल्या की सरा नावाचा रक्तातल्या जंतूंचा रोग येतो. ताप येतो, जातो, घोडा वाळत जातो. रक्ताच्या काचेवर जंतू एकदा दिसला नाही तर रोग नाहीच असं होत नाही, म्हणून तपासणी दोनदा लागलेली असू शकते.

खरोखर विचारण्यासारखं

बिलावर जीएसटी. जनावरांच्या दवाखान्याच्या उपचार-सेवेला जीएसटी माफ आहे. व्हिजिट फी किंवा नळी घालण्याच्या कामावर टक्के लावलेले दिसले तर नम्रपणे दाखवा. औषधाचं वेगळं: छापील किमतीतच सगळे कर धरलेले असतात. छापील किंमत लावून वर पुन्हा कर, हे चालत नाही.

एकाच फेरीत तीन घोडे तपासले आणि प्रवासखर्च तिघांच्या नावे पूर्ण लावला असेल तर विचारा. शेजारच्या पागेतलाही घोडा त्याच दिवशी दाखवला असेल तर खर्च वाटून घ्यायचं डॉक्टर येण्याआधीच ठरवा, नंतर नाही.

फोडलेली बाटली. ३० मिलीच्या बाटलीतलं ८ मिली वापरलं आणि पूर्ण बाटलीचे पैसे लावले, तर उरलेली बाटली कुणाकडं राहिली? डॉक्टरांकडं राहिली असेल तर फक्त वापरल्याचे पैसे लागायला हवेत. काही औषधं मात्र पाण्यात कालवली की ठेवता येत नाहीत, ती पूर्णच लागणार.

आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त सापडणारी चूक: दुकानातून आणलेलं औषध डॉक्टरांच्या बिलातही चढणं. ओळखीच्या एका पागेचं बिल आलं, सलाईन ३६ बाटल्या. पागेवाले म्हणाले, यातल्या काही आम्ही रात्री तुमच्याच दुकानातून नेल्या. बरं झालं की पोरानं रिकाम्या बाटल्या पोत्यात भरून ठेवल्या होत्या. काउंटरवर पोतं ओतलं. मोजल्या, ३६ भरल्या. बॅच नंबर आमच्या बिलाशी ताडून पाहिले, तर १२ बाटल्या आमच्या. म्हणजे डॉक्टरांच्या २४. त्यांच्या मदतनिसानं लागलेल्या सगळ्या बाटल्या मोजून लिहिल्या होत्या, बाटली कुणी आणली हे कोण लिहिणार? एका फोनवर बिल दुरुस्त झालं, चहासकट.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: उपचार चालू असताना रिकाम्या बाटल्या, व्हायल, खोकी एका पोत्यात टाका. लेबलांचे फोटो काढा. सुया मात्र पोत्यात नकोत, त्या डॉक्टरांकडं परत द्या. बिल मिटलं की पोतं मोकळं.

कसं विचारायचं

घोडा आडवा पडलेला असताना पैशाचा विषय काढू नका. काढायचाच तर सुरुवातीला एकदाच: "डॉक्टर, अंदाजे किती जाईल? त्याच्या वर चाललं तर आधी सांगा." बिल आल्यावर एक दिवस जाऊ द्या. आधी मदतनिसाशी बोला, निम्म्या गोष्टी तिथंच उलगडतात. मग डॉक्टरांना लेखी विचारा, म्हणजे त्यांनाही नोंद बघून उत्तर देता येतं. मी दिरांना लिहून दिलेला मेसेज असा होता:

"नमस्कार डॉक्टर. राणी आता बरी आहे, चंदी खातेय. बिल मिळालं. तीन ओळी समजल्या नाहीत: (१) फ्लुनिक्सिन २५ मिली, हे एका रात्रीचं की दोन दिवसांचं? (२) प्रवासखर्च राणी आणि बादल दोघांना वेगळा लागलाय, फेरी एकच होती. (३) शेवटची व्हिजिट तुमच्या मदतनिसांनी केली होती, फी तीच आहे का? बाकीची रक्कम आज पाठवतोय. या तीन ओळींचं सांगितलं की उरलेलं लगेच देतो."

बाकीची रक्कम आज पाठवतोय, हे वाक्य गाळू नका. ज्याबद्दल शंका नाही ते पैसे अडवून धरले की बोलणं बिलाचं राहत नाही, मानापमानाचं होतं. फ्लुनिक्सिन दोन दिवसांचंच निघालं. प्रवासखर्च कमी झाला. व्हिजिट फी तशीच राहिली, कारण मदतनीससुद्धा नोंदणीकृत डॉक्टर होते.

नाहीच मिटलं तर

दुसऱ्या डॉक्टरांना बिल दाखवायचं असेल तर "हे उपचार योग्य होते का" असं विचारा. "जास्त लावलंय ना" असं नको, त्यावर कुणी डॉक्टर तोंड उघडत नाही. पुण्याच्या रस्त्यावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, घोडा तिकडं न्यायचाच असेल तर जुनं बिल आणि कागद सोबत न्या.

दराची तक्रार आणि वागणुकीची तक्रार वेगळी ठेवा. नोंदणी नसताना उपचार केले, गंभीर निष्काळजी झाली, तर ते नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडं. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे, नोंदणी त्याखालीच होते. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत खोट असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारून घ्या. आमच्या ओळखीत कुणाला आयोगापर्यंत जावं लागलेलं नाही.

बिल मिटलं की त्यावर "पूर्ण मिळाले" आणि तारीख लिहून घ्या, फोटो काढा आणि घोड्याच्या नावाच्या फाइलमध्ये लावा. लसीच्या नोंदी, रक्ताचे अहवाल, एक्स-रे सगळं त्याच फाइलमध्ये. पुढच्या वेळी नवे डॉक्टर आले तर कुठली लस झाली, कुठलं औषध सोसलं नाही, हे सांगायला पागेत कुणी नसलं तरी चालतं. आणि उद्या घोडा अकलूजच्या बाजारात विकायचा झाला तर गिऱ्हाईक दात बघतंच; फाइल पुढं केली की घासाघीस जरा कमी होते.