रुतलेली गाडी ओढायला शॅकल कोणती घ्यावी

पावसाळ्यात चोरल किंवा जानापावच्या बाजूला गाडी घालणाऱ्यांना माळव्याची काळी माती काय चीज आहे ते सांगायला नको. टायरच्या खाचा ती पाचेक मिनिटांत भरून टाकते, आणि गाडी एकदा पोटावर बसली की फर्स्ट-रिव्हर्स करून काही होत नाही. मग दुसरी गाडी, दोर किंवा पट्टा आणि तो गाडीला जोडणारी शॅकल, म्हणजे यू आकाराची लोखंडी कडी, तोंडाशी आडवी पिन असलेली. दोराची चौकशी सगळे करतात. शॅकल मात्र हाताला लागेल ती घेतात, आणि ताण आल्यावर हवेत उडणारं लोखंड नेमकं तेच असतं.

इंदूरात ऑटोपार्टच्या दुकानात नुसती शॅकल मागितली तर बहुधा कमानपाट्याची पुढ्यात येते. त्यापेक्षा सियागंजात चेन-पुली, वायररोप, क्रेनचे स्लिंग विकणारं दुकान गाठा आणि ‘स्क्रू पिनवाली बो शॅकल’ मागा. बो म्हणजे पोट गोल, फुगीर. डी शॅकलचं पोट अरुंद असतं. तिच्यात रुंद पट्ट्याचा डोळा (टोकाचा फास) चिमटतो आणि ओढ जरा तिरकी झाली की भार एकाच बाजूला जातो. सरळ साखळीला डी ठीक, गाडी काढायला बो.

आता ती हातात घेऊन पाहा. अंगावर तीन गोष्टी उठावदार अक्षरांत हव्यात: बनवणाऱ्याची खूण, माप, आणि डब्ल्यूएलएल किंवा एसडब्ल्यूएल, म्हणजे जास्तीत जास्त किती टनांचा भार घालायचा तो आकडा. आकडा नसेल तर ती ट्रॉली नाहीतर तंबू बांधायची शॅकल समजा. दिसायला तितकीच जाड आणि भाव निम्मा असला तरी परत ठेवा.

माप शॅकलच्या कांबीचं असतं, पिनचं नाही. पिन एक पायरी जाड असते, त्यामुळे पिन मोजून माप सांगितलं की चुकीची शॅकल घरी येते. नेहमीची मापं अशी: ५/८ इंच म्हणजे ३.२५ टन, पिन १९ मिमी. ३/४ इंच म्हणजे ४.७५ टन, पिन २२ मिमी. ७/८ इंच म्हणजे ६.५ टन, पिन २५ मिमी.

यातली कोणती, ते गाडीच्या भरलेल्या वजनावर ठरतं. चिखल चाकापर्यंत असेल तर गाडीच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत असेल तर दुप्पट धरा. माणसं-सामान धरून थार सव्वादोन टनांच्या आसपास जाते. दुप्पट केली की साडेचार. ४.७५ टनी शॅकल बरोबर बसते. जिम्नी भरून दीड टन, दुप्पट तीन, म्हणून ५/८ पुरते. फॉर्च्युनर भरून पावणेतीनकडे जाते आणि हिशेब साडेपाचावर पोचतो. तिथे मोठी शॅकल शोधण्याआधी फावडं काढा: चाकांपुढची माती उपसून पोट मोकळं केलं की ओढ पुष्कळ उतरते. शिवाय चासीवरच्या दोन्ही रिकव्हरी पॉइंटांना (ओढण्यासाठी शॅकल लावायच्या जागा) लांब ब्रायडल, म्हणजे दोन्ही टोकं गाडीला जोडलेला पट्टा, लावला तर भार दोन शॅकलांत वाटला जातो.

मग सरसकट मोठीच का घेऊ नये? कारण ७/८ ची पिन बऱ्याच गाड्यांच्या रिकव्हरी पॉइंटच्या भोकात जातच नाही. मग लोक पिन घरी ठेवून साधा बोल्ट घालतात, आणि तो वाकतो किंवा तुटतो. दुकानात जाण्यापूर्वी भोक व्हर्नियरने मोजा. २२ मिमीच्या पिनला २४-२५ मिमीचं भोक हवं. भोक असलेल्या लोखंडी पट्टीची जाडीही बघा. ३/४ च्या जबड्यात साधारण ३२ मिमी जागा असते. पट्टी १० मिमीचीच असेल तर शॅकल एका कडेला सरकून तिरकी ओढली जाते. पिनवर दोन्ही बाजूंना वॉशर घालून ती मधोमध ठेवा. तिरक्या ओढीचा फटका मोठा असतो: ४५ अंशांत क्षमता ७० टक्क्यांवर येते, ९० अंशांत निम्म्यावर.

सॉफ्ट शॅकल म्हणजे डायनीमाच्या दोराची, गाठ आणि फासावर चालणारी. हलकी, सुटली तरी लोखंडासारखी मारत नाही, दोन पट्टे जोडायला उत्तम. (दोन पट्ट्यांच्या मध्ये लोखंडी शॅकल कधीच नको. पट्टा तुटला तर तीच गोळीसारखी सुटते.) पण विकत घेताना आकडा नीट वाचा. सॉफ्टवर बहुतेक तुटण्याची ताकद छापलेली असते, लोखंडीवर कामाचा भार. ‘१२ टन’ सॉफ्ट आणि ‘४.७५ टन’ लोखंडी शेजारी ठेवली की पहिली अडीचपट भारी वाटते. प्रत्यक्षात दुसरी पाचपट सुरक्षिततेची असेल तरी पावणेचोवीस टनांच्या अलीकडे तुटता कामा नये. सॉफ्टला धारदार कड चालत नाही. ग्राइंडरने कापलेल्या पट्टीच्या भोकात ती थेट ओवली तर एकाच ओढीत धागे कापले जातात. गोल गुळगुळीत हूक असेल तरच सॉफ्ट, नाहीतर लोखंडी.

जोडताना पिन गाडीच्या पॉइंटमधून जाते आणि पट्ट्याचा डोळा शॅकलच्या पोटात बसतो. उलटं लावलं तर सरकणारा पट्टा पिनला फिरवून सैल करतो. पिन हाताने शेवटपर्यंत आवळा, खांदा शॅकलला टेकला पाहिजे. पान्याने ताणू नका, ओढीनंतर ती सुटणार नाही. ऑफरोडवाले पाव आटा मागे घेतात. चालतं, पण अर्धवट आट्यांवर ओढणं वेगळं आणि हे वेगळं. टो बॉलला (ट्रेलर अडकवायच्या गोळ्याला) पट्टा अडकवू नका. बंपरमधून स्क्रू होणारा टोइंगचा डोळा सपाट रस्त्यावर गाडी ओढण्यापुरता असतो, चिखलातल्या झटक्यासाठी नाही.

विंच (दोर गुंडाळून ओढणारं गाडीवरचं यंत्र) असणाऱ्यांनी एक हिशेब वेगळा करावा. पुली झाडाला बांधून दोर गाडीकडे परत आणला की पुलीच्या शॅकलवर दोराच्या ताणाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो. ९५०० पौंडी विंच पूर्ण जोर लावते तेव्हा दोरावर ४.३ टन, शॅकलवर ८.६. तिथे ४.७५ टनी कमी पडते.

ओढताना दोरावर मधोमध ओलं पोतं किंवा जाड गोधडी टाका. बघ्यांना दोराच्या दीडपट लांबीवर उभं करा, आणि दोराच्या रेषेत तर कुणालाच नको.

डिकीत ३/४ च्या दोन आणि एक सॉफ्ट एवढं पुरतं. घरी आल्यावर लोखंडी शॅकलच्या आट्यांतली माती ब्रशने काढून तेलाचा थेंब सोडा. पिन वाकली असेल, जबडा फाकला असेल किंवा कांब कुठेही दहा टक्के झिजली असेल (१९ मिमीची १७ वर आली की समजा), तर ती बाद. वेल्डिंग करून वाचवायला जाऊ नका, त्या उष्णतेने पोलादाचा कस जातो. सॉफ्ट साध्या पाण्यात बुडवून आतली माती सुटेपर्यंत चोळा आणि सावलीत वाळवा. धागे तुटून फुललेले किंवा वितळून कडक झालेले दिसले तर तीही फेका.