चढ सगळेच घोटतात, उतार घोटा
डोंगरातल्या शर्यतीची तयारी म्हणून आपल्याकडची पोरं बेळगावजवळचा येळ्ळूरचा राजहंसगड पळत चढतात आणि खाली येतात मित्राच्या गाडीवरून. उलटं करा. चढावर दम लागतो, पण मांड्या जातात उतारावर. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार रोखतो. त्यात बारीक इजा होते आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. गंमत म्हणजे एकदा असा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे तोच उतार बराच कमी दुखवतो. म्हणून शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एक लांब उतार पळून घ्या. आदल्या आठवड्यात मात्र नको.

पावलं लहान, भरभर. टाच पुढे रोवून ब्रेक मारू नका. जांभ्याची खडी पायाखाली गोट्यांसारखी घरंगळते, मी दोनदा सपशेल बसलोय. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडे पावसात शेवाळलेला दगड दिसला की पळणं सोडून सरळ चाला, त्यात लाज कसली! आणि उतार लागण्याआधी नाडी घोट्याजवळ घट्ट आवळा, नाहीतर अंगठा बुटाच्या टोकावर आपटून नख काळं पडतं.