वीजवापराच्या आकड्यांची वर्गीकृत सारणी कशी तयार करावी

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एका इमारतीतील २४ घरांचा महिन्याचा वीजवापर युनिटांत असा आहे, असे उदाहरणापुरते मानू: ८४, ११२, ९६, १४३, १६८, १२०, २०५, १८७, १३२, १५८, १७६, १४९, २२१, ९८, १३९, १६४, २४०, १५२, १९३, ११५, १२७, १७१, ३१२, १४६.

प्रथम विस्तार, म्हणजे सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान संख्येतील फरक, काढावा. सर्वांत मोठी संख्या ३१२ व सर्वांत लहान ८४ असल्याने तो २२८ येतो.

यानंतर वर्ग, म्हणजे आकड्यांचे गट, किती करायचे, हे ठरवावे. सारणीचा कस येथेच लागतो. बिलातील ०–१००, १०१–३००, ३०१–५०० हे टप्पे आयते मिळतात म्हणून तेच घेतले, तर मधल्या एकाच वर्गात २० घरे जमा होतात आणि सारणीतून काहीच कळत नाही. ते टप्पे दर आकारण्यासाठी आहेत, वापराचे स्वरूप पाहण्यासाठी नव्हेत. हर्बर्ट स्टर्जेस यांनी १९२६ मध्ये वर्गांची संख्या ठरवण्यासाठी सुचवलेल्या सूत्रानुसार २४ निरीक्षणांसाठी सुमारे ६ वर्ग पुरतात. मात्र हे सूत्र अंदाजापुरतेच वापरावे. २२८ ला ६ ने भागल्यास ३८ येतात, तेव्हा सोयीसाठी वर्गांतर (प्रत्येक वर्गाची रुंदी) ४० घेऊन ८० पासून सुरुवात करावी.

वर्ग ८०–१२०, १२०–१६० असे सलग लिहिल्यास १२० ही संख्या कोठे धरावी, असा प्रश्न पडतो. असमावेशक पद्धतीत वरची मर्यादा त्या वर्गात धरत नाहीत, म्हणून १२० दुसऱ्या वर्गात आणि २४० हा २४०–२८० या वर्गात जातो. समावेशक पद्धतीने ८१–१२०, १२१–१६० असे वर्गही करता येतात, परंतु आयतालेख (एकमेकांना चिकटलेल्या स्तंभांचा आलेख) काढण्यापूर्वी खालच्या मर्यादेतून ०.५ वजा करून व वरच्या मर्यादेत ०.५ मिळवून ते सलग करावे लागतात.

आता यादी क्रमाने वाचत प्रत्येक संख्येसाठी ताळ्याची एक खूण करावी; पाचवी खूण आधीच्या चार खुणांवर आडवी काढल्याने मोजणी सोपी होते.

८०–१२०: ५
१२०–१६०: ९
१६०–२००: ६
२००–२४०: २
२४०–२८०: १
२८०–३२०: १

बेरीज २४ आलीच पाहिजे. न आल्यास खुणा पुन्हा तपासाव्यात.

वर्गीकरणात मूळ आकडे हरवतात, याची किंमतही मोजून पाहता येते. वर्गमध्य (प्रत्येक वर्गाची मधली संख्या) १००, १४०, १८० असे धरून काढलेली सरासरी १६० युनिट येते, तर मूळ आकड्यांची सरासरी सुमारे १५८.७ आहे.